ठासणीची जुनी बंदूक भरलेली निघाली तर काय करायचं

दसरा जवळ आला की दरवर्षी कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतं. बंदूक दुसऱ्या परवानाधारकाकडून घेतलेली असते, नाहीतर वडिलांच्या मागे रीतसर नावावर करून घेतलेली असते. देणाऱ्याने "रिकामी आहे" म्हणून सांगितलेलं असतं. खंडेनवमीच्या पूजेला ती खुंटीवरून उतरवली की मनात पाल चुकचुकते, की आत बार, म्हणजे ठासलेली दारू आणि छर्रे, तर नसेल ना? मग कुणी नळीत फुंकर मारून बघतो, कुणी चाप ओढून बघतो, आणि कुणी मला फोन करतो.

उत्तर आधी सांगतो. गज, म्हणजे बार ठासायची लांब काठी, घालून मापलेली नाही, तोवर आत बार आहेच असं धरा. बार निघाला तर उडवून टाकायला जाऊ नका. केप (ठोक्याने पेटून आतली दारू पेटवणारी छोटी टोपी) काढा, बंदूक माणसांपासून दूर ठेवा आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या मिस्त्रींना बोलवा. या प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे आणि ते ठाऊक नसलं की माणूस धीर सोडून भलतंच करून बसतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बार आत राहतोच कसा

काडतुसाची बंदूक मधून वाकवून उघडली की काडतूस हातात येतं. ठासणीच्या बंदुकीत तशी सोयच नाही. दारू तोंडातून ओतायची, वर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळं गजाने ठासायचं. आत गेलेला बार बाहेर काढायचा रोजचा मार्ग एकच, तो म्हणजे उडवणं. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी अशा बंदुका घरोघरी होत्या, अजूनही पुष्कळ आहेत. भात पोटरीला आलं की डुकरांची राखण सुरू होते. संध्याकाळी बार भरून माणूस माळ्यावर बसतो, रात्रभर काही येत नाही. दारू आणि छर्रे फुकट मिळत नाहीत, मग कशाला वाया घालवा म्हणून पहाटे फक्त केप काढून बंदूक खुंटीला लावतो. उद्या पुन्हा लागणारच आहे. तो उद्या कधी कधी येत नाही. माणूस आजारी पडतो, शेत पडीक राहतं, मुलं मुंबईला जातात. बंदूक मात्र भरलेली तशीच राहते.

दुसरं कारण पावसाचं. दारूला ओल लागली की केप फुटतो पण बार जात नाही. घाईत माणसाला वाटतं की भरायचंच राहिलं असेल, आणि तो वरून दुसरा बार ठासतो. हे गावठी माणसाच्या अडाणीपणामुळे होतं असं कुणी समजू नये. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्गची लढाई झाली. रणांगणावरून गोळा केलेल्या सुमारे २७,५०० बंदुका तपासल्या तेव्हा जवळपास २४,००० भरलेल्या निघाल्या, असा तिथला हिशेब आहे. त्यातल्या निम्म्यांमध्ये दोन दोन बार होते, आणि एकीत तर एकावर एक २३. गदारोळात आपला केप फुटला की नाही हे कवायत झालेल्या सैनिकांनाही कळलं नाही.

जुनी दारू मेलेली नसते

"अरे, बारा वर्सां झाली, आता काय र्‍हवला त्येच्यात?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याची भीती वाटते. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण, वजनाने साधारण ७५, १० आणि १५ टक्के. तिन्ही पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात, पण पेटेपर्यंत आपापल्या जागी शांत राहतात. दुधासारखं नासणं त्यांच्यात होत नाही. कोरड्या जागी ठेवलेली दारू माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकते.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक जुनी तोफ होती, १७८० साली बुडालेल्या हुसार नावाच्या ब्रिटिश जहाजावरची. २०१३ च्या जानेवारीत गंज काढताना कामगारांनी तिचं तोंड उघडलं, तर आत गोळा आणि लोकरीत गुंडाळलेली सुमारे ८०० ग्रॅम दारू. पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाने ती काढली, आणि पेटली असती असं सांगितलं. कित्येक वर्षं ती तोफ तशीच भरलेली लोकांच्या जवळ होती. व्हर्जिनियात २००८ साली जुन्या वस्तूंचा एक अनुभवी संग्राहक यादवी युद्धातला तोफेचा गोळा साफ करत असताना स्फोटात गेला. त्या गोळ्यातली दारू १४० वर्षांपूर्वीची होती.

कोकणात तर भर म्हणून बंदूक चुलीच्या वर, धुराच्या भिंतीला टांगायची रीत होती, दारू कोरडी राहावी म्हणून. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी ती टिकावी अशीच व्यवस्था केली होती.

आमच्या घरी झालं ते

माझ्या चुलत भावाने शेजारच्या तालुक्यातल्या एका परवानाधारकाकडून ठासणीची बंदूक विकत घेतली. कागद सगळे चोख, परवान्यावर नोंद झालेली. देणारा भला माणूस, त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. खंडेनवमीला वहिनींनी पाट मांडला, कोयता, कुऱ्हाड, पारय आणि ही बंदूक ओळीने ठेवली, दस्त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, नळीला झेंडूची माळ गुंडाळली. माळ घट्ट बसेना म्हणून पुतण्याने बंदूक उचलून मांडीवर घेतली. नळीचं तोंड देवघराकडे, आणि देवघरात आजी बसलेल्या.

मी त्याला ती तशीच खाली ठेवायला सांगितलं आणि सगळ्यांना मागच्या पडवीत पाठवलं. घोडा (चाप ओढल्यावर केपावर आदळतो तो भाग) निपलवर (केप बसवायच्या भोकाच्या बोंडावर) टेकलेला होता. खाली केप आहे की नाही ते वरून दिसत नव्हतं, कारण तिथे कुंकू आणि जुनं तेल एकत्र होऊन थर बसला होता. बंदूक बाहेर नेली, नळी मातीच्या बांधाकडे केली, घोडा मागे घेतला, तर खाली हिरवा पडलेला तांब्याचा केप. पुढे गज घातला. नळी बाहेरून तोंडापासून निपलच्या बुडापर्यंत ४२ इंच होती आणि गज साडेतेहेतीस इंचांवर थांबला. साडेआठ इंच, म्हणजे जवळजवळ वीतभर काहीतरी आत होतं. साधा एक बार ठासून चार-पाच बोटं भरतो.

भाऊ काही बोलला नाही. त्याने झेंडूची माळ काढली आणि पाटावर ठेवली.

तपासायचं कसं

आधी जागा. घरात नाही, अंगणात शेजाऱ्यांच्या बाजूला नाही. समोर मातीचा जाड बांध नाहीतर नांगरलेल्या जमिनीचा उंचवटा हवा. चिऱ्याचा गडगा चालत नाही, छर्रे त्यावरून उलट येतात. दोन-तीन गोणपाटं घालून बंदूक आडवी ठेवा, तोंड बांधाकडे. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, मुलं आणि कुत्रा घरात. विडी-सिगारेट, उदबत्ती, निरांजन काही जवळ नको. पूजेच्या दिवशी हे विसरायला होतं.

मग केप. चापाला बोट न लावता अंगठ्याने घोडा सावकाश मागे घ्या. घोड्याला अर्ध्यावर एक खाच असते, तिथे तो अडकतो आणि चाप ओढला तरी सुटत नाही, निदान सुटू नये. जुन्या बंदुकीत ती खाच झिजलेली असते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. अंगठा घोड्यावरच ठेवा आणि दुसऱ्या माणसाला निपल आणि घोडा यांच्यामध्ये चामड्याचा जाड तुकडा सरकवायला तयार ठेवा. केप सैल असेल तर बांबूच्या चोयटीने वर उचलला जातो. अडकला असेल तर पकडीने ओढू नका, ठोकू नका, खरवडू नका. केपातलं रसायन घर्षणाने आणि ठोक्याने पेटावं म्हणूनच बनवलेलं आहे. त्यावर तेलाचे थेंब सोडा, चामडं मध्ये घालून घोडा अलगद टेकवा आणि थांबा. अडकलेला केप हे मिस्त्रींचं काम आहे. सहज निघाला तरी निपलच्या भोकात त्याची भुकटी राहिलेली असू शकते, तेव्हा बंदूक अजून जिवंतच आहे.

आता माप. नळीपेक्षा लांब, सरळ, कोरडी लाकडी काठी घ्या, नाहीतर बंदुकीचाच लाकडी गज. लोखंडी सळई नको. बाजूला उभं राहून, काठी बाजूने दोन बोटांत धरून अलगद आत सरकवा. तळहात काठीच्या टोकावर कधीच ठेवायचा नाही आणि शरीराचा कुठलाही भाग तोंडासमोर आणायचा नाही. काठी थांबली की ढकलू नका. तोंडाशी खडूने खूण करा, काठी बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून लावून बघा, खूण तोंडाशी ठेवून. रिकाम्या बंदुकीत काठीचं टोक निपलच्या जवळपास येतं. दोन-चार इंच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. वीतभर अलीकडे थांबलं तर एकापेक्षा जास्त बार असू शकतात.

थोडा फरक पडला म्हणजे बार आहेच असंही नाही. काही बंदुकांच्या बुडाशी दारूची खोली नळीपेक्षा अरुंद असते, तिथे जाड काठी इंचभर आधीच अडते. वर्षानुवर्षं टांगलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, गंजाच्या खपल्या साचतात, कधी गजाचं तुटलेलं टोक अडकलेलं असतं. आवाजावरून थोडा अंदाज येतो, उघड्या लोखंडावर काठी टणक वाजते आणि बोळ्यावर मऊ. पण गंज आणि माती दोन्ही मऊच वाजतात. शंका राहिली की निकाल एकच, भरलेली आहे.

नळीत डोकावणं, तोंडाने फुंकणं आणि "केप नाही ना, मग ओढून बघू" हे तिन्ही तपासणीचे प्रकार नव्हेत. फुंकणारा माणूस स्वतःचं डोकं नळीच्या तोंडाशी नेतो. हे मी शाळकरी वयात माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, एक जाणता माणूस, मोठ्या आत्मविश्वासाने. त्या दिवशी बंदूक रिकामी होती.

उडवून टाकायची का नाही

सगळ्यात जास्त आग्रह याचाच होतो. "दोरी बांधून लांबून ओढूया, बार जाईल, विषय संपला." त्यात चार अडचणी आहेत आणि चारही बाहेरून दिसत नाहीत.

आत किती बार आहेत ते ठाऊक नाही. दोन बार एकदम गेले तर नळीवर दुप्पट नाही, त्याहून जास्त ताण येऊ शकतो. बार आणि बोळे यांच्यामध्ये कुठे मोकळी जागा राहिली असेल तर नळी तिथेच फुगते किंवा फाटते. आतून गंज किती खोल गेला आहे ते कळत नाही, कारण बाहेरून तेल लावून चकचकीत केलेली नळी आतून कागदासारखी पातळ झालेली असू शकते. चौथी अडचण सगळ्यात वाईट: आत दारू कसली आहे? काळी दारू मिळेनाशी झाली की लोकांनी काडतुसं फोडून त्यातली धूर न करणारी दारू भरली, फटाक्यांची पूड भरली, काड्यापेटीचं गूल भरलं. काडतुसातली दारू ठासणीच्या नळीला झेपत नाही. फटाक्यांच्या काही पुडी आणि काडीचं गूल तर नुसत्या घासण्यानेही पेटतं. म्हणूनच बार स्क्रूने टोचून काढायचा प्रयत्न घरी करू नका, आणि ड्रिल तर मुळीच नको.

नळी फुटली तर ती बहुतेकदा बुडाजवळ किंवा अडथळ्याजवळ फुटते, म्हणजे जिथे डावा हात असतो आणि गाल टेकलेला असतो. दोरीने लांबून उडवलं तरी तुकडा कुठे जाईल ते दोरी धरणाऱ्याच्या हातात नाही.

तापवणंही तितकंच वाईट. जुनी बंदूक शोभेसाठी भिंतीवर लावायची म्हणून लोक वेल्डिंगवाल्याकडे नेतात, कडी जोडून घेतात. गंज उतरवायला गॅसची ज्योत फिरवतात. नळी भरलेली असेल तर तो वेल्डिंगवाला, ज्याचा या सगळ्याशी काहीच संबंध नाही, तोच तिच्या समोर बसलेला असतो.

पाणी घालायचं, पण पाण्यावर विसंबायचं नाही

दारूतला सोरा पाण्यात विरघळतो. साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३२ ग्रॅम विरघळतो, गरम पाण्यात त्याहून कितीतरी जास्त. एका बारातली दारू काही ग्रॅमच असते, म्हणजे हिशेबाने दोन-तीन चमचे पाणीही पुरेल. अडचण पाणी आतपर्यंत पोचवण्याची आहे. वरून ओतलेलं पाणी तेलकट बोळ्यावर अडतं. खालून निपलच्या भोकातून ते थेंबाथेंबाने जातं, आणि ते भोक गंजाने बुजलेलं असतं.

तरीही मिस्त्री येईपर्यंत हे करून ठेवण्यासारखं आहे, फक्त केप निघालेला असेल तरच. बंदूक बाहेर, सुरक्षित कोपऱ्यात, तोंड वर करून पक्की बांधा. वरून छप्पर नको, फांदीही नको, आणि जवळून कुणाची वाट जात नसावी. बाजूला उभं राहून लांब नळीच्या रबरी पिचकारीने तोंडातून कोमट पाणी सोडा. निपलच्या भोकात बारीक तोंडाच्या तेलाच्या बुधलीतून पाणी सोडा. पाणी झिरपतं तसं पुन्हा भरा. दोन-तीन दिवस. तेल घालायला अनेक जण सांगतात. तेलाने गंज सुटायला मदत होते, पण सोरा तेलात विरघळत नाही, म्हणून आधी पाणी.

आता आमच्याकडे काय झालं ते ऐका. तीन दिवस भावाने सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. निपलमधून काळपट करडं पाणी ठिबकत होतं, खालच्या पायरीवर त्याचा डाग पडला, तो अजून आहे. आम्हाला वाटलं, आत चिखल झाला असणार. चौथ्या दिवशी मिस्त्री आले. निपलच्या चुडीला (आट्यांना) बसेल असा जोड त्यांनी लेथवर करून आणला होता आणि त्यावर गाडीला ग्रीस भरायचा हातपंप लावला. हवा दाबून बार ढकलता येतो, पण हवा दबते आणि एकदम सुटते, तेव्हा आतला माल गोळीसारखाच बाहेर पडतो. ग्रीस दबत नाही. जितका पंप माराल तितकंच पुढे सरकतं आणि थांबलं की सगळं थांबतं. हे त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि नंतर अर्धा तास कुणाशी बोलले नाहीत.

नळीच्या तोंडातून आधी काथ्याचा बोळा आला, तपकिरी, घट्ट, भिजलेला. मग छर्रे, ग्रीसमध्ये लडबडलेले, एक एक करून गोणपाटावर पडले. मग चिंधीचा बोळा, लुंगीच्या कापडाचा, निळ्या चौकटी अजून ओळखू येत होत्या. त्याच्यामागे दारू. आणि ती दारू मध्यभागी कोरडी होती. कडेला चिखल आणि आत सुपारीएवढा काळा खडा, नखाने दाबला तर दाणे सुटे होणारा. त्यामागे पुन्हा बोळा, पुन्हा छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी खालच्या बाराचा काळा चिखल. पाणी खालच्या बारापर्यंत पोचलं होतं. वरच्या बाराच्या मध्यापर्यंत ना खालून पोचलं ना वरून.

मिस्त्रींनी त्या खड्यातली चिमूटभर वेगळी काढून बांधापलीकडे चिऱ्यावर ठेवली, उन्हात थोडी वाळू दिली आणि लांब काठीला बांधलेल्या काडीने पेटवली. भक्कन गेली. बाकीची त्यांनी बादलीभर पाण्यात कालवून संपवली. तीन दिवस पाण्यात असलेली बंदूक होती ती. म्हणून सांगतो, बार प्रत्यक्ष बाहेर येऊन डोळ्यांसमोर पडेपर्यंत ती भरलेलीच समजा. भिजलेली दारू सोरा धुऊन न जाता नुसती वाळली तर पुन्हा पेटू शकते.

न्यायची की बोलवायचं

बंदूक भरलेली आहे हे कळल्यावर ती गाडीत घालून बाजारात किंवा पोलीस ठाण्यात नेऊ नका. आधी फोन करा, भरलेली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि ते सांगतील तसं करा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीची बंदूकही बंदूकच आहे, आणि दुसऱ्याची शस्त्रं दुरुस्त करायला त्या कायद्याचा परवाना लागतो. गावातल्या लोहाराला हे काम देऊ नका. तो कितीही हुशार असला तरी भट्टीशेजारी बसून काम करतो.

परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात ठेवायचा हक्क आपोआप वारसाकडे येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते आणि मग नावावर करण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. माळ्यावर, विहिरीत किंवा जुन्या घराच्या भिंतीत बिनकागदाची बंदूक सापडली तर हात न लावता ११२ ला फोन करा. "पुराणवस्तू आहे, तिला काय परवाना" असं बरेच जण म्हणतात. जुन्या नमुन्याच्या शस्त्रांना कायद्यात सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जे उडू शकत नाही अशालाच. जिच्या पोटात जिवंत बार आहे ती त्यात बसत नाही.

गडकोटांवर राबणाऱ्या मुलामुलींसाठी इथेच एक गोष्ट. दरीतून, विहिरीतून तोफा वर काढून तोफगाड्यांवर बसवण्याचं काम गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात फार मनापासून चाललं आहे. तोफेचं तोंड मातीने भरलेलं असतं आणि ती माती पहारीने खणून काढली जाते. पहार घालण्याआधी लाकडी काठीने आतून माप घ्या, बाहेरून कानापर्यंतच्या (बत्ती द्यायच्या भोकापर्यंतच्या) मापाशी ताडून बघा आणि फरक आला तर पुरातत्त्व खात्याला आणि पोलिसांना कळवून थांबा. पोकळ गोळा सापडला तर तो अजिबात घासू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

विकत घेताना पैसे देण्याआधी, देणाऱ्यासमोर, गज घालून माप घ्या. यात त्याचा अपमान नाही. मी तर म्हणेन की देणाऱ्यानेच गज पुढे करावा.

राखण संपली की बार आत ठेवून घरी यायचं नाही. परवान्याच्या अटीत बसत असेल तर बांधात उडवून यायचं, नाहीतर भरायचंच नाही. केप फुटून बार गेला नाही तर नळी समोरच धरून निदान दोन मिनिटं थांबायचं, कारण ओलसर दारू कधी कधी उशिरा पेटते. त्यानंतर दुसरा केप लावण्याआधी किंवा काहीही ठासण्याआधी गजाने माप घ्यायचं.

सगळ्यात उपयोगी उपाय पैशाचा नाही, चाकूचा आहे. बंदूक नक्की रिकामी आहे हे कळल्यावर गज बुडाला टेकेपर्यंत आत घालायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर गोल खाच पाडायची. ती रिकाम्याची खूण. नेहमीचा एक बार भरल्यावर गज जिथे थांबतो तिथे दुसरी खाच, ती भरल्याची. मग घरातल्या कुणालाही बंदुकीतलं काही कळत नसलं तरी, गज अलगद सोडला आणि पहिली खाच तोंडाच्या बाहेर दिसली, की हात मागे घ्यायचा एवढं कळतं.

मिस्त्रींनी आमची नळी कढत पाण्याने धुतली, निपल बदलली, आतून दिवा सोडून पाहिलं आणि बुडापासून सहा इंचांवर बोटभर लांब खड्डा दाखवला. ही बंदूक पुन्हा उडवायची नाही असं त्यांनी सांगितलं. भावाने कार्यालयात तसा अर्ज दिला आहे. गजावर खाच मात्र त्याने त्याच दिवशी पाडून घेतली, रिकाम्याची एकच, आणि तिच्यात वहिनींनी कुंकू भरलं, लांबून दिसावं म्हणून.